आधी मान, मग हात: घरी फायटर सिम उडवायचं तर पैसा कुठे घालायचा

कॉम्बॅट फ्लाइट सिमचं, म्हणजे कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवायच्या खेळाचं, वेड लागलं की जवळजवळ सगळे एकच चूक करतात, मीपण केली. पहिल्या दिवसापासून जॉयस्टिक बघत बसायचं, तीही मेटलची, खऱ्या विमानाच्या स्टिकची हुबेहूब कॉपी असलेली, आणि सगळं बजेट तिच्यातच घालवायचं. मग स्टिक टेबलावर येते, विमान झकास वळतं, पण पहिल्याच डॉगफाइटमध्ये, म्हणजे विमानांच्या जवळच्या झटापटीत, समोरचा एकदा डोक्यावरून निघून गेला की तो परत दिसतच नाही, कारण आपण अजून अंगठ्याच्या बटणाने मान फिरवतोय. पाच सेकंदांनी मागून गोळ्या येतात तेव्हा कळतं तो कुठे होता ते.

म्हणून आधी मान फिरवायची सोय, मग स्टिक. पण त्याच्याही आधी कुठलं सिम ते ठरवा, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. मुख्य सामना तिघांत आहे: डीसीएस वर्ल्ड, आयएल-२ ग्रेट बॅटल्स आणि फाल्कन बीएमएस.

डीसीएस फुकट उतरवता येतं, सोबत सुखोई-२५टी आणि बिनशस्त्र टीएफ-५१ मस्टँग मिळतं, कॉकेशस आणि मारियानाज हे नकाशेही मिळतात. आता इथे गंमत अशी की लोक ते सुखोई उडवून डीसीएसबद्दल मत बनवतात आणि त्या विमानाच्या कॉकपिटमध्ये माउसने बटणं दाबताच येत नाहीत, म्हणजे डीसीएसची जी खरी मजा, बॅटरीच्या स्विचपासून सुरू करून एकेक सिस्टिम जागी करत विमान चालू करायचं, ती त्यात नाहीच. त्यापेक्षा एफ/ए-१८ किंवा एफ-१६ चं १४ दिवसांचं ट्रायल घ्या, पण हातात मोकळा वेळ असेल तेव्हाच घ्या, कारण पहिला आठवडा रडार आणि बटणं समजण्यातच जातो. एकेक विमान वेगळं विकत घ्यावं लागतं आणि खोली इतकी की एकच विमान नीट शिकायला महिने जातात. अशी पाच विमानं (मॉड्यूल) घेऊन एकही धड न येणारे लोक कितीतरी आहेत, सेल लागला की हात आवरत नाही ना.

आयएल-२ चा स्वभाव एकदम उलटा. दुसरं महायुद्ध, स्टॅलिनग्राड, मॉस्को, कुबान, बोडेनप्लाट, नॉर्मंडी असे एकेका लढाईचे संच, प्रत्येकात आठ-दहा विमानं. कॉकपिटमध्ये क्लिक करायला काही नाही, सगळं कीबोर्डच्या की आणि स्टिकच्या अ‍ॅक्सिसवर, पण प्रॉप पिच (पंख्याच्या पात्यांचा कोन), मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), रेडिएटर हे सांभाळावं लागतंच आणि हळू वेगात जास्त खेचलं की विमान गटांगळी खातं. ऑफिसातून आल्यावर अर्ध्या तासात एखादी लढाई मारून उठायचं असेल तर हेच घ्या. आणि थोडा जुना पीसीसुद्धा ते बऱ्यापैकी ओढतो, हा मोठा फायदा.

बीएमएस म्हणजे १९९८ च्या फाल्कन ४.० वर चाहत्यांनी वर्षानुवर्षं चढवलेला मजला. बीएमएस फुकट, फक्त मूळ फाल्कन ४.० तुमच्याकडे असायला लागतं. याचं हुकमी पान म्हणजे डायनॅमिक कॅम्पेन: कोरियात युद्ध चालू असतं, तुम्ही उडा नाहीतर झोपा, रणगाडे पुढे सरकत राहतात, आज तुम्ही पाडलेला पूल उद्या शत्रूला अडवतो. डीसीएसमध्ये याच्या तोडीचं काही अजून नाही. दिसायला मात्र डीसीएस भारी आणि बीएमएसमध्ये मुख्यतः एफ-१६ च, म्हणजे एकाच विमानाशी संसार करायची तयारी हवी. सोबत येणाऱ्या जाडजूड पीडीएफ वाचायचा कंटाळा असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

वॉर थंडरच्या सिम्युलेटर मोडने चव बघून घ्यायला हरकत नाही, पण माउसवाले मोड खेळून झालेल्या सवयी नंतर मोडाव्या लागतात. आणि एक आडवळणाचा पर्याय म्हणजे व्हीटीओएल व्हीआर, घरात व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून खेळाच्या आत असल्यासारखं बघायचं यंत्र) आहे पण स्टिक नाही असं असेल तर हातातल्या कंट्रोलरनेच अख्खं कॉकपिट चालवता येतं.

आता मान. इथे दोनच रस्ते, हेड ट्रॅकर नाहीतर व्हीआर, आणि भांडणं यावरूनच सगळ्यात जास्त होतात.

हेड ट्रॅकरमध्ये टोपीला किंवा हेडफोनला तीन एलईडी किंवा चमकणाऱ्या पट्ट्या लावायच्या, मॉनिटरवरचा कॅमेरा त्या बघतो, आणि तुम्ही मान थोडीशी वळवली की गेममधली मान पार मागे जाते. ट्रॅकआयआर हे त्यातलं जुनं नाव. पण आधी ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा, त्यात साध्या वेबकॅमने चेहरा ओळखून ट्रॅकिंग होतं, म्हणजे शून्य खर्चात कळेल की हे आपल्याला जमतंय का. नजर समोर ठेवून मान तिरकी करायची हे पहिले दोन-तीन दिवस फार विचित्र वाटतं, मग अंगवळणी पडतं. कर्व्ह (मान किती वळली की गेममधली किती वळावी ते) सेट करताना मधला भाग मंद ठेवा नाहीतर नेम धरताना स्क्रीन थरथरत राहील. आणि पाठीमागे उन्हाची खिडकी असेल तर ट्रॅकरचा इन्फ्रारेड कॅमेरा पार गोंधळतो, हे मला पडदा लावेपर्यंत कळलंच नव्हतं.

व्हीआर घातल्यावर मात्र तोंडातून शब्द फुटत नाही हे खरंय. विमान खरंच विमानाएवढं दिसतं, टँकरच्या मागे इंधन घेताना अंतराचा अंदाज येतो, हेलिकॉप्टर उतरवताना जमीन किती खाली आहे ते पोटात कळतं. पण पाठीमागे बघायचं तर खरोखर मागे बघावं लागतं, अर्ध्या तासाने मान धरते, कीबोर्ड दिसत नाही, शेजारी ठेवलेली चेकलिस्ट दिसत नाही, आणि काहींना मळमळतं ते वेगळंच. शिवाय ग्राफिक्स कार्डाचा घाम निघतो: क्वेस्ट ३ घेतला तर प्रत्येक डोळ्याला २०६४ × २२०८ पिक्सेल, आणि ९० हर्ट्झवर चालवायचं तर प्रत्येक फ्रेमला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात, ७२ हर्ट्झवर १४ च्या आसपास. सेकंडहँडमध्ये एचपी रिव्हर्ब जी२ स्वस्तात दिसला तर लगेच झडप घालू नका, तो विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीवर चालणारा हेडसेट आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ पासून ती काढून टाकली आहे.

माझं मत विचाराल तर जेटवाल्यांनी, म्हणजे डीसीएसचं हॉर्नेट (एफ/ए-१८) किंवा बीएमएस उडवणाऱ्यांनी ट्रॅकरच घ्यावा, कारण त्यात वाचायचं फार असतं, छोटे डिस्प्ले, आकडे, कागद. महायुद्धाची विमानं आणि हेलिकॉप्टर यांना व्हीआर खुलतं, पण कार्ड आधीपासून दणकट असेल तरच, नाहीतर हेडसेटपाठोपाठ कार्डपण घ्यावं लागतं.

मानेचं झालं की मग हात. स्टिक घेताना दिसण्यापेक्षा आतला सेन्सर बघा. माझ्या पहिल्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर, म्हणजे घासून चालणारे सेन्सर, होते, वर्षभरात ते झिजले आणि सरळ उडताना विमानाचं नाक आपोआप डुलायला लागलं, मी डेडझोन (मधली जागा, जिथे स्टिक हलली तरी विमान हलत नाही) वाढवत गेलो आणि शेवटी बारीक नेम धरणंच अशक्य झालं. हॉल इफेक्ट सेन्सरमध्ये चुंबक असतो, घासत काहीच नाही, म्हणून टिकतं. थ्रस्टमास्टर टी१६०००एम मध्ये तो आहे आणि सुरुवातीला ती पुरते, पण बटणं कमी आणि हातात जरा खेळण्यासारखी लागते. व्हीकेबी ग्लॅडिएटर एनएक्सटी इव्हो ही त्याच्या पुढची पायरी, तिचेही सेन्सर न घासणारे, हॅट (अंगठ्याने चारी दिशांना दाबायची बटणं) भरपूर, स्प्रिंगही बदलता येतात. मला विचाराल तर बहुतेकांनी इथेच थांबावं. थ्रस्टमास्टर वॉर्टहॉग ही ए-१० ची कॉपी, वजनदार, रुबाबदार, पण तिला ट्विस्ट (स्टिक पिळून नाक डावी-उजवीकडे वळवायची सोय) नाही, म्हणजे तेच काम पायाने करणारे रडर पेडल वेगळे घ्यावेच लागतात आणि हा छुपा खर्च कुणी आधी सांगत नाही.

पेडल लागतात का? एफ-१६ किंवा हॉर्नेट हवेत असताना पाय जवळपास रिकामेच असतात, तिथे ट्विस्ट भागवतं. मागच्या चाकावर उभी राहणारी जुनी विमानं आणि हेलिकॉप्टर असतील तर पेडल घ्याच, जोरात खेचताना मनगट नकळत फिरतं आणि नेम हुकतो. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) वेगळा हवा का तर हो, आणि आफ्टरबर्नरपाशी (जेटचा जादा जोर सुरू होतो तिथे) खाच असलेला मिळाला तर उत्तम. फोर्स फीडबॅक (मोटरने हाताला जोर जाणवून देणारी स्टिक) सुरुवातीला विसरा.

पीसीबद्दल थोडक्यात. डीसीएससाठी ३२ जीबी रॅम धरूनच चाला, मल्टिप्लेअर खेळणार असाल तर ६४, आणि मोकळी जागा असलेला एनव्हीएमई एसएसडी, कारण चार-पाच नकाशे टाकले की शेकडो जीबी कसे जातात कळत नाही. प्रोसेसरमध्ये मोठ्या कॅशवाले (कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) एएमडीचे एक्स३डी या खेळांत फार उजवे पडतात, ५८००एक्स३डी मध्येच ९६ एमबी एल३ कॅश आहे, आणि तुमचा मदरबोर्ड एएम४ (एएमडीचं आधीचं सॉकेट) असेल तर मदरबोर्ड-रॅम न बदलता तो बसू शकतो, फक्त बायोस अपडेट आहे का ते बघून घ्या.

शेवटचं, यूएसबी. स्टिक, थ्रॉटल, पेडल, ट्रॅकर सगळं एका साध्या हबवर लादू नका, स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब घ्या आणि विंडोजमधलं यूएसबीचं पॉवर सेव्हिंग बंद करा, नाहीतर ऐन लढाईत स्टिक गायब होते. डीसीएस नवीन डिव्हाइस दिसलं की स्वतःच त्याला पिच-रोल (नाक वर-खाली करणं आणि पंख कलवणं) देऊन टाकतं, त्यामुळे पेडल लावल्याबरोबर विमान आपोआप लोळायला लागलं तर पेडल परत करायला धावू नका, कंट्रोल्समध्ये जाऊन जादा अ‍ॅक्सिस पुसा. आणि सगळं मनासारखं बसलं की सेव्ह्ड गेम्समधल्या डीसीएसच्या फोल्डरमधून इनपुट नावाचं फोल्डर कॉपी करून ठेवा, मी विंडोज नव्याने टाकल्यावर दोन रविवार नुसती बटणं बसवत होतो.