तीन पोकळ रिंगा आणि अंगणातली जास्वंद

मागच्या श्रावणात अगदी जवळून फोटो काढायच्या मॅक्रो लेन्सच्या किमती बघितल्या, गप्प बसले आणि एक्स्टेन्शन ट्यूबचा संच मागवला. १२, २० आणि ३६ मिलिमीटरच्या तीन रिंगा. आत काच नाही, काही नाही, नुसती पोकळी. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे बसवायच्या. लेन्स चित्र टिपणाऱ्या सेन्सरपासून लांब गेली की अगदी जवळच्या वस्तूवर फोकस होऊ लागतो. माझ्याकडे क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा जुना कॅमेरा आहे आणि ५० मिमी, एफ १.८ ची साधी लेन्स. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्समधलं भोक मोठं.) वर्षभर ह्याच जोडीवर साताऱ्यातल्या अंगणातली फुलं काढली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगतेय ते अशा कुठल्याही संचाला लागू पडेल.

घेताना रिंगेच्या आत सोनेरी पिना आहेत ना, तेवढं आधी बघा. त्याआधी मी बिनपिनांच्या स्वस्त रिंगा घेऊन फसले होते. त्या लावल्या की कॅमेऱ्याचा लेन्सशी संबंध तुटतो आणि माझ्या लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे ते भोक, पूर्ण उघडंच राहतं. एफ १.८ ला जास्वंद म्हणजे सगळीकडे लाल धुकं आणि मधेच कुठेतरी एक परागकोश स्पष्ट.

आता पिना असल्या तरी डेप्थ, म्हणजे पुढूनमागे स्पष्ट दिसणारा पट्टा, फार मिळते असं नाही. ३६ ची रिंग लावली की फूल सेन्सरवर साधारण पाऊणपट ते जवळजवळ मूळ आकाराचं उमटतं. तेवढ्या जवळून एफ ८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा एक मिलिमीटरही भरत नाही. एफ १६ केलं तर दीड-पावणेदोन. आमची गावठी जास्वंद समोरून बघितली तर दांड्याच्या टोकावरच्या पाच मखमली टिकल्यांपासून मागच्या पाकळ्यांपर्यंत सहा-सात सेंटीमीटरचं अंतर आहे. कितीही ॲपर्चर आवळा, ते एका फोटोत बसणार नाही. पहिले दोन महिने मी हेच करत बसले, आणि रिंगांना नावं ठेवली.

मग एकदा कंटाळून कुशीवरून काढला. दांडा सेन्सरला समांतर आला आणि एफ ८ लाच टिकल्या, त्यांचे केसासारखे दोर, खालचे पिवळे परागकोश, सगळं एका रेषेत लखलखीत. पाकळ्या मागे पुसट, पण आता त्या पुसट हव्याच होत्या. तेव्हापासून ॲपर्चरला हात लावण्याआधी मी फुलाभोवती फिरते. सदाफुली सपाट, तिला वरून सरळ काढा, एफ ५.६ पुरतं. गोकर्णाची मात्र खोल वाटी. तिथे ठरवावंच लागतं की आतलं पांढरं हवं की निळी कड. मी कड निवडते.

एफ १६ च्या पुढे मी जात नाही. रिंगांमुळे उजेड कमी होतोच, शिवाय इतक्या जवळून एफ १६ हे एफ २९ च्या आसपास वागतं. डेप्थ वाढते, पण फोटोवरची धार जाते. पाकळीच्या शिरा लोण्यात बुडवल्यासारख्या दिसतात. ज्यांना सगळंच स्पष्ट हवं त्यांनी फोकस थोडाथोडा सरकवत पुष्कळ फोटो काढून संगणकावर जोडावेत. मी दोनदा केलं. वारा नसेल तर जमतं.

आणि वारा असतोच. लेन्सवरची फोकसची रिंग फिरवून फारसं हाती लागत नाही, म्हणून श्वास रोखून अख्खं अंगच पुढेमागे करत, सात-आठ फोटो सटासट काढायचे. फांदीला कपड्यांचा चिमटा, शेजारी रोवलेली काठी. सासूबाई पूजेची परडी घेऊन बाजूला उभ्या. “अगं, झालं का? देवाला आज फूल मिळणार की फोटो?” “आई, दोन मिनिटं. तो पुठ्ठा वाऱ्याच्या बाजूला धरता का?” धरतात. आणि माझं झालं की तेच फूल खुडतात.

कासच्या फुलांच्या पठारावर मात्र रिंगा नेऊ नका. ५० च्या लेन्सवर ३६ ची रिंग म्हणजे फुलापासून जेमतेम चार बोटं अंतर. पायवाट सोडून आत जायचं नाही, फुलं तुडवायची नाहीत, मग ‘सीतेची आसवं’ नावाच्या नखाएवढ्या फुलांपर्यंत पोचणार कसं? वाटेच्या कडेला एखादं सापडलं तरी लेन्सची सावली त्याच्यावर. तिथे १०० मिमीची मॅक्रो लेन्स खरी. तेवढ्याच आकाराला डेप्थ तीही जास्त देत नाही, हा गैरसमज नको. पण ती वीतभर लांब राहू देते, आणि मागचा पसारा कमी दिसल्यामुळे फूल सुटं उठून दिसतं.

बाकी तक्रारी छोट्या. १२ च्या रिंगेत साधारण नऊ सेंटीमीटर रुंदीची चौकट मिळते, मोठी जास्वंद त्यात मावत नाही. रिंग काढल्याशिवाय लांबचं काहीच दिसत नाही, त्यामुळे समोर भारद्वाज येऊन बसला तरी नुसतं बघायचं. तिन्ही एकत्र लावल्या की सांधा किंचित डुलतो आणि चौकट सोळा मिलिमीटरची होते. परवा तशाच लावून पारिजातकाचा केशरी देठ बघत होते. त्यावर एक मुंगी चढली. फोकस मिळेपर्यंत ती देठ संपवून पाकळीच्या पलीकडे गेली होती.