खिम्याची करंजी: मोहनाची पारी की विकतची पट्टी

आषाढात तळण करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि ज्या घरांत सामिष चालते तेथे श्रावण लागण्याआधी एखाद्या रविवारी खिम्याचे काही तळावे असे हमखास मनात येते. सारण कसे करायचे हे बहुतेकांना ठाऊक असते. अडते ते आवरणापाशी. मैद्याची पारी लाटून करंजी करावी, की बाजारातून समोशाची पट्टी आणून त्रिकोण वळावेत? मी दोन वर्षे पट्टी वापरली आणि आता पारीवर आलो आहे. हा माझ्या स्वयंपाकघरातला अनुभव आहे. आपला हात वेगळा असेल तर निष्कर्षही वेगळा निघू शकेल.

पट्टीचा मोठा गुण असा की ती तव्यावर अर्धवट भाजूनच येते, त्यामुळे तिच्यात पाणी कमी असते आणि तीन-चार मिनिटांत ती काचेसारखी कुरकुरीत होते. रमजानच्या महिन्यात जळगाव-भुसावळकडे ताजी पट्टी सहज मिळते, आणि ती गोठवलेल्या पट्टीपेक्षा कितीतरी चांगली असते, कारण गोठवलेली पट्टी सुटी करताना फाटते. लाटण्याचे कष्ट वाचतात, शिवाय पन्नास-साठ नग करायचे असतील तर पट्टीला पर्याय नाही, हे मला मोकळेपणाने मान्य आहे.

तरीही मी पट्टी सोडली, ती तिच्या एका कोपऱ्यामुळे. त्रिकोण वळताना पहिल्या घडीच्या टोकाशी सुई जाईल एवढे भोक राहते. मैद्याची खळ कितीही नीट लावली तरी दहातील दोन-तीन समोशांत ते राहतेच, निदान माझ्या हातून राहते. तेवढ्या वाटेने तेल आत शिरते आणि खिम्याचे कण बाहेर पडतात. हे कण कढईच्या तळाशी जाऊन जळतात, तेल काळवंडते, आणि पुढच्या घाण्याच्या प्रत्येक समोशावर काळे ठिपके आणि करपट वास बसतो. आपल्याकडे तळणाला घाण्यावरचे शेंगदाण्याचे तेल वापरतात. ते स्वस्त नसते, आणि एका घाण्यानंतर ते गाळत बसावे लागणे मला फार खुपत असे. त्यातच समोसा चावला की आतला खिमा तेलाने ओथंबलेला लागे, म्हणजे बाहेरच्या कुरकुरीतपणाचे सुखही निम्मे होई. उन्हाळ्यात आणखी एक अडचण होती. जळगावकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा उघड्यावरची पट्टी वळेपर्यंत कडेने तडकते, आणि ओल्या फडक्याखाली ठेवली तर एकमेकींना चिकटते.

करंजीत हा कोपराच नसतो. तिची एकच अर्धवर्तुळाकार कड असते आणि ती बोटांनी दाबून वर मुरड घातली की वाट बंद होते. मुरड येत नसेल तर दाबलेल्या कडेवर कातण फिरवले तरी चालते, मात्र कडेला सारणाचा कण लागलेला असता कामा नये, कारण करंजी फुटते ती बहुधा तिथेच. 250 ग्रॅम मैद्याला तीन मोठे चमचे कडकडीत तापवलेल्या तेलाचे मोहन घालावे. कोरडे पीठ मुठीत दाबल्यावर मुटका बसला की मोहन पुरेसे झाले असे समजावे. हे तेल मैद्याच्या कणांभोवती बसून चिवटपणा वाढू देत नाही, त्यामुळे पारी खुसखुशीत होते. पीठ पुरीपेक्षा घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवावे. एवढ्यात साधारण वीस करंज्या होतात आणि त्यांना अर्धा किलो खिमा पुरतो.

पारीचा दोष असा की ती घाईने तळता येत नाही. तेल फार तापले तर वर फोड येतात, रंग लवकर चढतो आणि मुरडीचा जाड भाग आत कच्चा राहतो. मध्यमपेक्षा थोड्या मंद आचेवर एका घाण्याला सात-आठ मिनिटे द्यावी लागतात. बुडबुडे कमी होत गेले की पारीतले पाणी निघून गेले असे ओळखावे आणि मगच झारा लावावा.

सारणाबाबत दोन्हींना एकच नियम लागू आहे, आणि तो खान्देशी हाताला जड जातो, कारण आपल्या मटणावर तर्री हवीच असते. इथे तर्री नको. काळा मसाला जरूर घालावा, पण कांदा-खोबऱ्याचे वाटण टाळून खिमा पूर्ण कोरडा होईपर्यंत परतावा आणि तो गार करूनच भरावा. बोकडाची चरबी गार झाली की घट्ट बसते. गरम सारणातली पातळ चरबी आणि वाफ पारी आतून ओली करते. उन्हाळ्यात मात्र ओट्यावर ठेवून ही चरबी घट्ट होत नाही, तेव्हा सारण तासभर फ्रीजमध्ये ठेवणे बरे.

घरी पाहुणे पुष्कळ असतील आणि मदतीला कोणी नसेल तर पट्टी आणण्यात काही गैर नाही. फक्त टोकाला खळेचा जाड ठिपका आठवणीने लावावा. चार-पाच माणसांसाठी मात्र मी पारीच लाटतो. सकाळी तळलेली करंजी माझ्याकडे संध्याकाळच्या चहापर्यंत खुसखुशीत राहते, आणि कढईतले तेल दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला चालेल इतके स्वच्छ उरते.