ब्लॅकमॅजिक कॅमेरा अ‍ॅप: गाण्याच्या व्हिडिओसाठी फुकटात किती मिळतं?

हे अ‍ॅप आयफोनवर २०२३ मध्ये आलं आणि अँड्रॉइडवर २०२४ मध्ये. पैसे लागत नाहीत आणि व्हिडिओच्या कोपऱ्यात शिक्काही उमटत नाही. सांगली-मिरजेतल्या कॉलेजच्या मुलांनी गाण्याच्या व्हिडिओसाठी कॅमेरा भाड्याने आणण्याआधी हे जरूर वापरून बघावं. मात्र अँड्रॉइडच्या सगळ्या फोनवर ते चालत नाही. तुमचा फोन चालणाऱ्या फोनच्या यादीत आहे का, हे शूटच्या तारखा ठरवण्याआधीच बघा.

खरा फायदा दिसतो तो लिपसिंकमध्ये, म्हणजे गाण्याशी ओठ जुळवण्यात. फोनचा नेहमीचा कॅमेरा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) पक्का धरत नाही, उजेड कमी झाला की गुपचूप फ्रेम कमी करतो. मग मुखड्याला जुळलेले ओठ दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत सरकलेले असतात आणि बिचाऱ्या गायकाला बोल लागतो. या अ‍ॅपमध्ये फ्रेम रेट, शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हे सगळं कुलूपबंद करता येतं. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे, त्यामुळे १/५० किंवा १/१०० वर ट्यूबलाइट फडफडत नाही. शटर 'अँगल'मध्ये न ठेवता 'स्पीड'मध्ये ठेवलेलं बरं. १८० अंशांवर असताना ३० फ्रेम लावल्या की शटर आपोआप १/६० होतं आणि हॉलमध्ये पट्टे दिसायला लागतात.

व्हाइट बॅलन्सचं महत्त्व बघायचं असेल तर मार्केट यार्डात हळदीच्या ढिगासमोर कुणालातरी उभं करा. ऑटोवर ठेवलं की कॅमेऱ्याला पिवळं जास्त वाटतं, तो निळं मिसळतो आणि माणसाचा चेहरा आजारी दिसतो. माणूस पुढे आला आणि ढीग झाकला गेला, की रंग पुन्हा बदलतो, तोही शॉट चालू असताना. दिवसा ५६०० केल्विनवर कुलूप लावलं की हळद हळदीसारखी दिसते.

आता उणी बाजू. बहुतेक फोनच्या लेन्सचं तोंड लहान-मोठं होत नाही. कृष्णेच्या घाटावर दुपारी १/५० शटर आणि आयएसओ ५० ठेवला तर चित्र पांढरंफटक पडतं. साधारण एफ १.८ लेन्स (एफचा आकडा म्हणजे तोंडाचं माप) धरली तर उजेड सहा स्टॉप जास्त होतो (दर स्टॉपला उजेड दुप्पट). शटर १/३२०० वर नेऊन तो आवरता येतो, पण नाचणाऱ्याचे हातपाय तुटक, झटके खात हलल्यासारखे दिसतात. यावर उपाय म्हणजे लेन्ससमोर लावायचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच: भर उन्हात एनडी ६४, ढगाळ हवेत किंवा झाडाखाली एनडी ८ ते १६. अ‍ॅपमधला झेब्रा (जास्त उजेडाचा इशारा) चालू ठेवला की कपाळावर पट्टे येतात आणि कुठे जळतंय ते लगेच कळतं. भाड्याचे वाचलेले पैसे फिल्टर आणि दणकट ट्रायपॉडवर घाला. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, ते उगाच कडा कापतं.

स्पीकरवर गाणं वाजवायचंच, आणि फोनने ते ऐकायचंच, म्हणजे एडिटला आवाजावरून टेक जुळवता येतो. स्पीकर गायकाजवळ ठेवा. पण कॅमेरा लांब गेला की घोळ होतो. आयर्विन पुलावर गायक आणि ३५ मीटर मागे कॅमेरा असेल, तर आवाज कॅमेऱ्यापर्यंत एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. आवाजावरून जुळवलेलं गाणं मग अडीच फ्रेम मागे पडतं. हिशोब सोपा आहे: दर १४ मीटरला एक फ्रेम, तेवढं मूळ गाणं टाइमलाइनवर डावीकडे सरकवा.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर ५० फ्रेमवर, १/१०० शटरने शूट करा आणि स्पीकरवर गाणं दुप्पट वेगाने लावा. २५ च्या टाइमलाइनवर ओठ बरोबर बसतात, ओढणी मात्र तरंगत राहते. तानेच्या जागा दुप्पट वेगात कुणाला जमत नाहीत. तिथे ३० फ्रेम, १/५० शटर आणि गाणं १२० टक्क्यांवर.

एडिटला त्याच कंपनीचं दाविंची रिझॉल्व्ह आहे. फुकट आवृत्तीत ४के, ६० फ्रेमपर्यंत रेंडर होतं, म्हणजे विद्यार्थ्याला पुरून उरतं. नॉइज रिडक्शन मात्र पैसे भरूनच मिळतं. त्यामुळे रात्री आयएसओ चढवून घेतलेलं दाणेदार फुटेज नंतर साफ होईल या भरवशावर राहू नका, एक एलईडी लाइट जास्त न्या. पहिली क्लिप आत घेण्याआधी प्रोजेक्ट २५ वर लावा, नंतर ते बदलत नाही. ५० फ्रेमच्या क्लिपला क्लिप अ‍ॅट्रिब्युट्समध्ये २५ करायचं. जुना लॅपटॉप अडखळत असेल तर पाव आकाराच्या प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या नकला, बनवा.

जागेचा अंदाजही घ्या. सेकंदाला १०० मेगाबिटच्या बिटरेटला (डेटा नोंदवण्याच्या वेगाला) मिनिटाला ७५० एमबी लागतात. चार मिनिटांच्या गाण्याचे वीस पूर्ण टेक म्हणजे ६० जीबी. बिटरेट कमी करून जागा वाचवायचा मोह होतो, आणि चेहऱ्याच्या शॉटला ते खपूनही जातं. उसाच्या फडात नाही. वाऱ्यावर हजार पाती एकदम हलतात, प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमहून वेगळी असते आणि हिरव्याचा चिखल होतो. फडातले शॉट जास्त बिटरेटवरच घ्या. अपलोडसुद्धा ४के मध्येच करा, कारण यूट्यूब पुन्हा दाबतंच.

एप्रिल-मेमध्ये फोन तापून रेकॉर्डिंग बंद पडतं. दोन टेकच्या मध्ये फोन सावलीत ठेवा, कव्हर काढा, चार्जिंग टाळा. आणि फ्लाइट मोड विसरू नका, नाहीतर ऐन सम गाठताना कुणाचा तरी फोन येतो.