घरघर मोटरची होती, गेली मात्र सुई

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, दुरुस्तीला द्यायला निघाला असाल, तर पाच मिनिटं थांबून हे वाचा. माझं जे गेलं ते परत येणार नाही, पण तुमचं वाचू शकतं.

आमच्या घरी गॅरार्ड 401 आहे. बाबांनी तो 1978 साली मुंबईत सेकंडहँड घेतला. गॅरार्ड ही इंग्लंडमधल्या स्विंडनची कंपनी, आणि 401 हे मॉडेल 1965 साली बाजारात आलं. सोबत एसएमई कंपनीचा 3009 आर्म, म्हणजे सुई रेकॉर्डवर धरणारा दांडा, होता आणि त्याच्या टोकाला शूअर कंपनीचं व्ही-15 टाइप थ्री कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती छोटी डबी. पुण्याला येताना मशीन गादीत गुंडाळून टॅक्सीच्या मागच्या सीटवर ठेवलं होतं, आणि आर्म सुटा करून बाबांनी स्वतःच्या मांडीवर धरला होता. आई ही गोष्ट अजून सांगते.

सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत रविवारची सकाळ म्हणजे रेकॉर्ड. बाबा आधी हात धुऊन कोरडे करायचे आणि मग रेकॉर्ड कडेने धरून बाहेर काढायचे. थाळीच्या कडेवर बारीक रेघा आहेत आणि शेजारी निऑनचा दिवा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे तो दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. वेग बरोबर असला की फिरत्या थाळीवरच्या त्या रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. मला सहाव्या वर्षी ते बघायला शिकवलं होतं. मोबाइलवर आता सगळं संगीत आहे, मान्य. पण रेघा स्थिर झाल्या, बाबांनी सुई टेकवली आणि किशोरीताई आमोणकरांचा पहिला स्वर लागला की घरात जी शांतता पसरायची, ती मला दुसऱ्या कशात मिळाली नाही.

बाबा 2019 मध्ये गेले. पुढे तीन वर्षं मशीनवर चादर होती. 2022 च्या पावसाळ्यात मी ते सुरू केलं, आणि एका संध्याकाळी रेकॉर्ड चालू असताना वीज गेली. मी तशीच झोपले. या जातीच्या मशीनमध्ये मोटरची पुली आणि थाळी यांच्यामध्ये एक रबरी चाक दाबून धरलेलं असतं. खटका बंद केला की ते चाक सुटं होतं. वीज गेली आणि खटका चालूच राहिला, तर चाक तसंच दाबलेलं राहतं आणि रबराला खड्डा पडतो. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फेऱ्याला धपधप आणि त्याखाली मोटरची घरघर. बाबा वीज गेल्यावर अंधारात उठून आधी तो खटका का बंद करायचे, ते तेव्हा कळलं.

पेठेतल्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदार पन्नाशीचा, बोलायला गोड. "ताई, असलं मशीन बघून बरं वाटलं. बाबांची आठवण आहे ना? मग काळजीच करू नका." मी आर्मसकट सगळं तिथे ठेवलं. तीन दिवस सांगितले होते, अकरा लागले. साडेसहा हजार रुपये रोख घेतले. पावती मागितली तेव्हा म्हणाला, "घरच्या माणसाला काय पावती!" मीही आग्रह धरला नाही. घरघर गेली होती, मी खुशीत होते.

आवाज मात्र बदलला होता. 'स' आणि 'श' फुटायचे, तार सप्तकात गळा कर्कश व्हायचा, आणि रेकॉर्डच्या आतल्या बाजूला, शेवटच्या पाच मिनिटांत तर ऐकवत नसे. फोन केला. तो म्हणाला, "रेकॉर्डी जुन्या झाल्या ताई, त्याला मी काय करू?" मी विश्वास ठेवला. डिस्टिल्ड वॉटरने, मऊ कापडाने एकेक रेकॉर्ड धुतली, आणि आठ महिने त्याच सुईखाली वाजवत राहिले. या आठ महिन्यांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मग बाबांचे एरंडवण्याचे एक स्नेही घरी आले. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "उचल ती सुई. आधी उचल." त्यांनी भिंग लावून पाहिलं. हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणारा सुटा तुकडा, आमचंच होतं, पण त्यात शूअर नव्हतं. नाव नसलेलं, तशाच काळ्या रंगाचं कुठलंतरी कार्ट्रिज बसवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोनाराकडे असतो तसा लहान वजनकाटा आणला आणि त्याच्यावर सुई टेकवली. 4.2 ग्रॅम! बाबांचं शूअर पाऊण ते सव्वा ग्रॅमवर चालायचं. त्या झिजलेल्या सुईने नीट चालावं म्हणून दुकानदाराने आर्मच्या मागचं वजन पुढे सरकवून ठेवलं होतं. सुईच्या टोकाची गोलाई मिलिमीटरच्या दोन शतांशांच्या आसपास असते. एवढ्याशा टोकावर चार ग्रॅम पडले आणि टोकही झिजून धारदार झालेलं असलं, की ते खाचांच्या भिंती खरवडत जातं. खाच एकदा खरवडली की कुठल्याही धुण्याने ती भरत नाही.

शूअरने 2018 मध्ये कार्ट्रिज बनवणंच बंद केलं. जुन्या व्ही-15 ला जगभर मागणी आहे. हे दुकानदाराला ठाऊक होतं, मला नव्हतं.

दुकानात गेले. "आलं तेव्हा असंच होतं," हे एकच उत्तर. बाबांच्या डायरीत कार्ट्रिजचं नाव आणि बसवल्याची तारीख आहे, ती दाखवली. म्हणाला, "डायरीत असेल, मशीनवर नव्हतं." माझ्याकडे फोटो नव्हता, पावती नव्हती. चौकीत जाऊन तरी काय दाखवणार होते? जुनं रबरी चाकही त्याने परत दिलं नव्हतं, आणि तेही मी मागितलं नव्हतं.

म्हणून हात जोडून सांगते, बिघाड मोटरचा असेल तर सुई दुकानात नेऊच नका. एसएमईच्या या आर्मला टोकाशी एक कडी असते. ती फिरवली की कार्ट्रिजसकट हेडशेल सुटून हातात येतं. टेक्निक्सच्या एसएल-1200 ला आणि त्या काळच्या बऱ्याच जपानी मशीनना अशीच कडी आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, ते घरीच करा आणि हेडशेल कपाटात ठेवा. "सगळं जोडूनच चेक करावं लागतं" असं कुणी म्हणालं, तर शेवटच्या दिवशी हेडशेल घेऊन जा, समोर लावा, ऐका आणि परत काढून आणा. देण्याआधी प्रत्येक भागाचा जवळून फोटो काढा, कार्ट्रिजवरचं नाव वाचता येईल इतक्या जवळून. पावतीवर मॉडेल आणि कार्ट्रिज लिहून घ्या. बदललेला भाग कितीही निरुपयोगी वाटला तरी मागून घ्या. आणि तो लहान काटा काहीशे रुपयांत मिळतो. मशीन घरी आलं की पहिली रेकॉर्ड लावण्याआधी सुई त्याच्यावर टेकवा. मी हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर रेकॉर्डी वाचल्या असत्या.

आता दुसरं, साधं कार्ट्रिज बसवलं आहे, दोन ग्रॅमवर. नव्या कारागिराने रबरी चाकाचं काम माझ्यासमोर केलं. मी तिथेच स्टुलावर बसून होते आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. बाबांच्या एकशे चाळीस रेकॉर्डपैकी सदतीस खराब झाल्या. किशोरीताईंची ती एलपी त्यांतच आहे. तिच्यावर पेन्सिलीने तारीख घालून ती वेगळी ठेवली आहे, आई विचारते तेव्हा नुसतं कव्हर हातात देते.