बोगनविलची उत्तर आणि दक्षिण: आधी कुठे वळावं?

पापुआ न्यू गिनीतल्या बोगनविल बेटावर दोन छोटी पापुअन भाषाकुळं शेजारी नांदतात, एक उत्तरेत, एक दक्षिणेत. ('पापुअन' हे एका कुळाचं नाव नाही, न्यू गिनी परिसरातल्या अनेक भाषांना दिलेलं सोयीचं नाव आहे.) दोघांचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही.

उत्तर कुळातली रोटोकास भाषा ओळखली जाते ती मोजक्या ध्वनींमुळे. लिपीत अवघी 12 अक्षरं. त्यातही 'त' आणि 'स' हे एकाच ध्वनीचे. पुढे 'इ' आली की 'स' लिहायचं. मध्य बोलीत 'म', 'न' हे वेगळे ध्वनी म्हणून नाहीतच. आपलं 'मी', 'माझं', 'नको' तिथे अडेल. ऐता बोलीत मात्र हे भेद आहेत.

दक्षिणेत कस लागतो तो व्याकरणाचा. माणसं मोजताना आपण 'दोन' सोडून 'दोघं', 'तिघी' म्हणतो ना? मोतुना भाषेत असे गट 50 च्या आसपास आहेत. वस्तू कसली, त्यावर संख्येचं रूप ठरतं. वाचायला मला हेच कुळ जास्त ओढतं. रोटोकासचं नवल पाच मिनिटांत सांगून होतं, मोतुनाच्या मोजणीत अख्खी संध्याकाळ जाते.

नवं काम करायचं असेल तर मात्र उत्तरेकडे जा. रोटोकासच्या बहिणी कोनुआ आणि केरिआका यांच्यावरचं लिखाण फारच तुटपुंजं आहे, आणि 1988 ते 1998 या यादवीच्या काळात बेटावर जाऊन नोंदी करणंच अवघड होतं.