फ्लिप चावीचं नुसतं शेल बदललं: आठ महिन्यांनंतर

गाडीच्या घडीच्या चावीच्या बटणांचं रबर फाटलंय, पात्याचा सांधा डुगडुगतोय, पण आतलं सगळं धडधाकट आहे. अशा वेळी अख्खी नवीन चावी घेणं ही उधळपट्टी. नवीन चावी गाडीला शिकवावी लागते, त्यासाठी बऱ्याचदा पिन कोड आणि प्रोग्रामर, म्हणजे चावीची गाडीत नोंद करणारं यंत्र, लागतो. रिकाम्या शेलला, म्हणजे नुसत्या बाहेरच्या कवचाला, यातलं काहीच नको, कारण चावीची ओळख शेलमध्ये नसतेच. पहिल्या महिन्यात याला पाच तारे दिले असते. आता साडेतीन, आणि ते दीड तारे एका खाचेने खाल्ले.

आधी जोडणीचं. शेल बदलताना तीन वस्तू हलवायच्या: पातं, रिमोटची पीसीबी (सर्किटची पट्टी) आणि इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची, चिप. पात्याचा बुडखा नव्या सांध्यात बसत असेल तर जुनंच पातं वापरा, कापून घ्यायचा खर्च वाचतो. बुडख्यातली बारीक पिन पिन-पंचने सरळ ठोकून काढायची. खिळ्याने काढली तर भोक रुंदावतं आणि पातं पुन्हा डुगडुगतं. बंद करताना स्प्रिंगला एखादा वेढा आधीच द्यावा लागतो, नाहीतर बटण दाबल्यावर पातं अर्ध्यावरच थांबतं.

घोटाळा होतो तो चिपपाशी. काही चाव्यांत ती पीसीबीवरच सोल्डर केलेली असते, तिथे प्रश्न नाही. बाकीच्यांत ती वेगळी असते: नखाएवढा काळा ठोकळा किंवा काचेची बारीक नळी. ती जुन्या शेलच्या कोपऱ्यात राहते आणि शेल कचऱ्यात जातं. मग दारं मजेत उघडतात, सेल्फ लागतो, इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं. काही गाड्यांत सेल्फच लागत नाही. दारं उघडली म्हणजे चावी चांगली, हा समज इथेच फसतो. दारांचं काम रिमोट सेलच्या जोरावर करतो, बऱ्याच गाड्यांत ४३३.९२ मेगाहर्ट्झवर. चिपला सेल लागत नाही. चावी फिरवायच्या लॉकभोवतीची तारेची कॉइल १२५ किलोहर्ट्झच्या आसपास चालते आणि तिच्याच ऊर्जेवर चिप उत्तर देते. म्हणून इंजिन बंद पडतंय या तक्रारीवर अशा चावीचा सेल बदलणं म्हणजे पाय दुखतोय म्हणून चष्म्याचा नंबर बदलणं.

आता ती खाच. मूळ शेलमध्ये चिप घट्ट बसते. या शेलमध्ये खाच जेमतेम केसभर मोठी आहे. चावी कानाशी धरून हलवली की आत टिकटिक ऐकू येते. चिप घसरून पात्यापासून लांब गेली, की कॉइलची काही सेंटीमीटरची पोच कमी पडते. एकदा गाडी सुरू होते, एकदा नाही, आणि मेकॅनिकपुढे नेमकी होते! उपाय फुकटातला: खाचेत फोमचा पातळ तुकडा किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. सुपरग्लू नको, पुढच्या वेळी उकरताना काचेची नळी फुटते. चांदीचा कागद तर अजिबात नको, तो सिग्नलच अडवतो. साच्यात ही खाच नीट करायला बनवणाऱ्याचं काय गेलं असतं, हा राग अजून गेलेला नाही.

चौथ्या महिन्यात गाडी पुन्हा अडू लागली तेव्हा तारे दोनवर आणले होते. ते चुकलं, शेलचा दोष नव्हता. दुसऱ्या चावीनेही तसंच होत होतं, आणि दोन्ही चाव्या अडल्या तर दोष गाडीकडचा: बॅटरी, फ्यूज, वायरिंग किंवा कॉइल. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट हवेत, इथे १२.१ होते आणि सेल्फ लागताना ९च्या खाली जात होते. इतक्या कमी व्होल्टेजवर चावी वाचणारं युनिटच गडबडतं. बॅटरी बदलली, तक्रार संपली. गाडीचे दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०५१३ हा कोड, म्हणजे चुकीची चावी, दिसला तरी आधी मल्टिमीटर लावा. कोड नुसता पुसून काही होत नाही. आणि ही चाचणी करताना दुसरी चावी त्याच रिंगमध्ये ठेवू नका, दोन चिपा एकदम बोलल्या की वाचणारा गोंधळतो.

सेलबद्दल थोडक्यात. सेलवरचा आकडा २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ जाडी. २०२५ त्याच व्यासाचा पण २.५ जाडीचा, त्यामुळे आत बसतो, पट्टीला मात्र नीट टेकत नाही. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलांवर कडू लेप असतो, तो संपर्काच्या जागी अडला तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा. थकलेला सेलही नुसता मोजला तर ३ व्होल्ट दाखवतो आणि बटण दाबताच कोसळतो, त्यामुळे बटण दाबून धरूनच मोजा.

रबर आठव्या महिन्यातही शाबूत आहे, सांधाही घट्ट. दुसऱ्या चावीचं शेलही आता बदलायला आलंय. याच बनावटीचं घेणार, फोमचा तुकडा मात्र आधीच कापून ठेवलाय.