मुंबईहून कणकवली: कोकणातून की घाटावरून?

गणपतीला गाडी काढायची म्हटली की घरोघरी हाच वाद. यंदा आमच्या वहिनीने विचारलंय.

अंतर: पनवेल, महाड, चिपळूण, हातखंबा हा राष्ट्रीय महामार्ग ६६ सरळ. पुणे, सातारा, कोल्हापूर, राधानगरी आणि मग फोंडा घाट, हा वळसा.

रस्ता: खरा प्रश्न इथेच. पनवेल-इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, त्यावर काय बोलावं! माणगाव बाजारपेठेत सुट्टीच्या दिवशी गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. मात्र कशेडीच्या बोगद्याने जुन्या घाटाची वळणं वाचवली, आणि राजापूरच्या पुढे रस्ता सुरेख. पुण्याकडे वेग मिळतो. साताऱ्यापुढे सहापदरीकरणाची वळवावळवी सोसावी लागते. फोंडा घाटात पावसाळी धुकं असतं, तो उजेडीच उतरावा.

टोल: घाटमाथ्याने खिसा हलका. द्रुतगती मार्ग धरून खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी अशी रांगच.

पोटपूजा: कोल्हापूर. विषय संपला.

रत्नागिरी, संगमेश्वरवाल्यांनी ६६ सोडू नये. कणकवली-कुडाळला ऐन गर्दीत, म्हातारी माणसं घेऊन निघणाऱ्यांनी कोल्हापूर गाठावं. एरवी, पहाटे चारला निघू शकणाऱ्यांना कोकणचाच रस्ता परवडतो.